नील्स फिन्सेन : उजेडाला औषध बनवणारा डॉक्टर



शास्त्रज्ञांची चरित्रं सांगायची म्हटलं की आपण न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी, सी. व्ही. रामन ही नावं घेतो. १९०३ साली मेरी आणि पिएर क्युरी यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं हेही आपण मुलांना सांगतो. पण त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचं नोबेल कोणाला मिळालं, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. ते मिळालं डेन्मार्कच्या डॉ. नील्स फिन्सेन यांना. कशासाठी? तर उजेडाने त्वचेचा रोग बरा केला म्हणून.

आज हेच चरित्र निवडण्याचं कारण तुमच्या-माझ्या घरातलंच आहे. उन्हात खेळून आलेल्या मुलाला, त्यातही मुलीला, काळी पडलीस म्हणून किती घरांत ऐकवलं जातं ते आठवून बघा. चौथीच्या स्नेहसंमेलनाला मुलांच्या चेहऱ्यांवर थापला जाणारा पावडरचा थर आठवा. मोठ्यांच्या कपाटात वांगाची क्रीम, डागांची क्रीम, सुरकुत्यांची क्रीम, उजळपणाची क्रीम असतेच. ऊन लागलं की त्वचेत नेमकं काय होतं, ती काळी का होते, हा प्रश्न मात्र फार कमी जणांना पडतो. फिन्सेन यांना तो पडला आणि त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हातावर शोधलं.

नील्स यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी तोर्शहाव्न या गावी झाला. हे गाव फेरो बेटांवर आहे. नकाशात स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधोमध समुद्रात जे ठिपके दिसतात ना, तीच ही बेटं. तिथे धुकं, वारा, मेंढ्या आणि मासेमारी. डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा. उन्हाचा अभ्यास करणारा माणूस अशा ठिकाणी जन्मावा याची गंमत वाटते. पण विचार करा, बारा महिने डोक्यावर ऊन असणाऱ्याला ऊन ही अभ्यास करण्याची गोष्ट वाटणारच नाही. घरात तांब्याभर पाणी सहज मिळतं त्याला पाण्याची किंमत कळत नाही, तसंच हे.

वडील मूळचे आइसलंडच्या घराण्यातले, बेटांवर सरकारी अधिकारी. नील्स चार वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या स्त्रीशी दुसरं लग्न केलं आणि घर भावंडांनी भरलं. गावातली शाळा झाल्यावर १८७४ मध्ये त्याला डेन्मार्कमधल्या हेर्लुफ्सहोमच्या निवासी शाळेत पाठवलं. मोठा भाऊ ओलाफ तिथेच शिकत होता आणि त्याचं बरं चाललं होतं. नील्सचं काही चालेना. शेवटी मुख्याध्यापकांनी नोंद केली की मुलगा मनाने चांगला आहे, पण कुवत बेताची आणि अंगात उत्साह नाही.

इथे शिक्षक म्हणून थोडं थांबावंसं वाटतं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण सगळेच लिहितो. मार्च-एप्रिलात एका बैठकीत चाळीस मुलांच्या नोंदी संपवायच्या असतात, आणि मग प्रयत्न करतो, लक्ष देत नाही, संथ आहे अशी ठरलेली वाक्यं उमटत जातात. हेर्लुफ्सहोमचे ते मुख्याध्यापक काही दुष्ट नव्हते. समोर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण घरापासून शेकडो मैल दूर, समुद्रापलीकडे आलेला, शेजारच्या बाकावरच्या हुशार भावाशी रोज तुलना होणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उत्साही कसा दिसेल, हे त्या नोंदीत नाही.

१८७६ मध्ये त्याला तिथून काढून आइसलंडच्या रेक्याविक शहरातल्या शाळेत घातलं. वडिलांची, आजीआजोबांची ही भूमी. इथे तो रमला. रमला म्हणजे पहिला आला असं नाही हं! शाळा संपली तेव्हा वय एकवीस, आणि पंधरा जणांच्या वर्गात क्रमांक अकरावा. चरित्र सांगताना हा आकडा गाळू नका. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाचा शाळेतला क्रमांक अकरावा होता, हे ऐकताना मागच्या बाकांवरची मुलं मान वर करून बघतात.

१८८२ मध्ये फिन्सेन वैद्यकशास्त्र शिकायला कोपनहेगनला आले. १८९० मध्ये डॉक्टर झाले आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विभागात काम करू लागले. मात्र विद्यार्थी असतानाच, विशीच्या सुरुवातीला, त्यांना एका दुखण्याने गाठलं होतं. पोटात पाणी साठायचं, थकवा यायचा, हृदय आणि यकृत यांच्याभोवतीचं आवरण हळूहळू घट्ट होत चाललं होतं. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. म्हणजे पुढचं सगळं काम, प्रयोग, संस्था, नोबेल, हे आजारी माणसाने केलेलं आहे. दिवसातले काही तासच अंगात बळ असायचं, तेवढ्यात बसवलेलं.

उजेडाकडे ते वळले तेही या आजारपणातूनच. त्यांचं राहतं घर उत्तरेकडे तोंड करून होतं. उत्तरेच्या देशात अशा खोलीत ऊन येतच नाही. अशक्तपणा आणि थकवा यांनी बेजार झालेल्या फिन्सेन यांच्या मनात आलं की आपल्याला ऊन मिळालं तर बरं वाटेल. ते उन्हात बसू लागले, आणि बरं वाटायचंही. त्यांच्याबद्दल एका मांजराचीही गोष्ट सांगतात. समोरच्या छपरावर एक मांजर ऊन खात बसायचं, सावली सरकत आली की ते उठून पुन्हा उन्हात जाऊन बसायचं. पुन्हा सावली आली की पुन्हा जागा बदल. या मुक्या जिवाला उन्हातून नेमकं काय मिळतं, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या वेळेपर्यंत काय माहीत होतं? १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी दाखवलं होतं की सूर्यप्रकाशात जंतू मरतात. १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्क यांनी दाखवलं की उन्हाने कातडी भाजते ती उष्णतेमुळे नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या, जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांमुळे. यांनाच आपण अतिनील किरण म्हणतो. आठवीपर्यंतच्या मुलांना इंद्रधनुष्याचे सात रंग पाठ असतात. जांभळ्याच्या पुढेही काहीतरी आहे, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता तो हातावरचा प्रयोग. फिन्सेन यांनी चित्रकलेची काळी शाई घेतली आणि स्वतःच्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधे, बांगडीसारखा रुंद पट्टा रंगवला. मग तो हात जवळपास तीन तास कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन टाकली. पट्ट्याखालची कातडी जशीच्या तशी पांढरी. दोन्ही बाजूंची कातडी काही तासांत लाल झाली, सुजली, दुखू लागली. काही दिवसांनी लाली गेली आणि तो भाग तपकिरी झाला. मधे पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना तपकिरी हात.

इथवर कोणीही पोचलं असतं. फिन्सेन यांचं डोकं दिसतं ते पुढच्या पायरीत. त्यांनी तोच हात पुन्हा उन्हात धरला, पण या वेळी शाई न लावता. काय झालं असेल? वर्गात सांगताना इथे थांबा आणि मुलांना अंदाज करू द्या. या खेपेला तो पांढरा पट्टा लाल होऊन सुजला. तपकिरी झालेल्या भागाला मात्र फारसं काही झालं नाही, तो थोडा आणखी गडद झाला एवढंच.

म्हणजे पहिल्या वेळी जे काम काळ्या शाईने केलं, तेच दुसऱ्या वेळी त्वचेच्या स्वतःच्या रंगाने केलं. त्वचा काळवंडली ती खराब झाली म्हणून नव्हे, तर तिने स्वतःवर छत्री धरली म्हणून. हा रंग म्हणजे मेलॅनिन. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी काही पेशी असतात, त्या मेलॅनिन बनवतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. तिथे ते पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं आणि आतल्या डीएनएला अतिनील किरणांपासून वाचवतं. आपल्याकडच्या लोकांच्या त्वचेत ही टोपी जन्मतःच बऱ्यापैकी असते. उत्तर युरोपातल्या लोकांच्या त्वचेत ती कमी, म्हणून त्यांना ऊन लवकर भाजतं आणि त्वचेचा कर्करोगही त्यांना कितीतरी जास्त होतो. सावळ्या रंगाला नावं ठेवणाऱ्या नातेवाइकांना एकदा हे सांगून बघा. ऐकतील असं नाही, पण पोरीच्या कानावर तरी पडेल.

छत्री आहे म्हणून पाऊस अजिबात लागत नाही असं मात्र नसतं. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की सावळ्या त्वचेवरही परिणाम होतोच. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना हे फिन्सेन यांच्याच काळातले. त्यांनी १८९०च्या दशकात खलाशांच्या त्वचेचं वर्णन केलं. उघड्या समुद्रावर आयुष्य काढलेल्या या माणसांचे चेहरे, मानेचा मागचा भाग आणि हातांच्या पाठी जाड, सुरकुतलेल्या, डाग पडलेल्या असायच्या, आणि त्याच जागी पुढे कर्करोग व्हायचा. कपड्याखालची त्वचा मात्र चांगली असायची. आपल्याकडे खलाशी शोधायला नको. शेतात जन्म गेलेल्या एखाद्या आजोबांच्या मानेची मागची बाजू आणि त्यांच्याच दंडाची आतली बाजू शेजारी शेजारी बघा. वय दोन्हीकडे सारखंच. तरी एकीकडे चामड्यासारखी, चिरा पडलेली त्वचा, आणि दुसरीकडे मऊ. हा जो फरक दिसतो तो वयाचा नाही, उन्हाचा आहे. अतिनील किरणांतले लांब लहरींचे किरण त्वचेत खोलवर जातात आणि तिला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतात. हे किरण खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्यामुळे रोज एकाच बाजूच्या खिडकीशी बसून गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्याची ती बाजू आधी सुरकुतू शकते.

फिन्सेन यांच्याकडे परत येऊ. हातावरच्या प्रयोगानंतर त्यांच्या डोक्यात आलं की किरणांनी त्वचेला इजा होत असेल, तर ज्या रोगात त्वचेला आधीच जखमा असतात तिथे हे किरण अडवले पाहिजेत. हा रोग म्हणजे देवी. १८९३ मध्ये त्यांनी सुचवलं की देवीच्या रुग्णाला लाल काच किंवा लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवावं, म्हणजे फोडांत पू कमी होईल आणि चेहऱ्यावर व्रण कमी राहतील. नॉर्वेत लगेच त्याचे प्रयोग झाले आणि सुरुवातीला चांगले अहवालही आले. मात्र पुढे ही पद्धत टिकली नाही, तिचा खात्रीशीर उपयोग दिसला नाही. देवीच्या व्रणांचे चेहरे ज्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांत पाहिले आहेत, त्यांना या धडपडीमागची कळकळ समजेल. चरित्र सांगताना हा न टिकलेला भागही सांगावा असं मला वाटतं. नाहीतर मुलांना वाटतं की शास्त्रज्ञ जे करतो ते पहिल्याच फटक्यात बरोबर येतं.

याच वर्षी त्यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ उजेडाच्या मागे लागले. आदल्या वर्षअखेरीस त्यांचं लग्न झालं होतं. पत्नी इंगेबोर्ग या एका बिशपच्या कन्या. नवीन संसार, नवरा आजारी आणि हातातली नोकरी सोडलेली. इंगेबोर्गबाईंना काय वाटलं असेल हे कुठल्या चरित्रात सापडत नाही, पण त्यांच्याशिवाय हे पुढे गेलं नसतं एवढं नक्की.

आता प्रश्न उलटा झाला. उजेड इजा करतो, मग तीच इजा रोगजंतूंना केली तर? यासाठी त्यांनी निवडला ल्युपस व्हल्गारिस, म्हणजे त्वचेचा क्षयरोग. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. लांडग्याने लचका तोडावा तसा हा रोग हळूहळू चेहरा खात जायचा. नाक, गाल, ओठ आणि कान. माणूस मरायचा नाही, पण तोंड लपवून जगायचा. नोकरी मिळायची नाही, लग्न व्हायचं नाही, लोक वाट बदलायचे. तोपर्यंतचे उपाय म्हणजे खरवडणं, जाळणं आणि कापणं. त्यातून रोग गेला तरी चेहरा राहायचा नाही. (आज नुसतं ल्युपस म्हणतात तो आजार वेगळा आहे बरं का, तो जंतूंमुळे होत नाही. पालकांनी इंटरनेटवर शोधताना गोंधळ करू नये म्हणून सांगितलं.)

सुरुवातीला त्यांनी सूर्याचाच उजेड वापरला. मोठं पोकळ भिंग घेतलं आणि त्यात मोरचूद घालून केलेलं निळं द्रावण भरलं. भिंगाने किरण एका जागी गोळा केले आणि निळ्या पाण्याने त्यातली भाजणारी उष्णता अडवली. पण कोपनहेगनच्या हिवाळ्यात सूर्य असतोच किती? म्हणून ते विजेकडे वळले. १८९५च्या नोव्हेंबरात शहराच्या वीजकेंद्रातच त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार सुरू केले. आठ वर्षं या रोगाने पिडलेला तो एक इंजिनिअर होता. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा प्रखर झोत पाडणारा आर्क दिवा लावायचा आणि रोज तासन् तास त्याचा उजेड गालाच्या एका छोट्या भागावर धरायचा. काही महिन्यांत जखमा भरून आल्या.

दिव्यातल्या बारकाव्यांमध्ये मला फार रस वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. साधी काच अतिनील किरण बरेच अडवते, म्हणून त्यांनी पुढे भिंगं स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची, बनवून घेतली. दिव्याची उष्णता घालवायला भिंगांमधून थंड पाणी खेळतं ठेवलं. तरी एक अडचण उरली. उजेड कातडीच्या आत जाईना. का जात नाही हे त्यांनी कसं शोधलं बघा. कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवला आणि पुढून उजेड सोडला. कितीतरी मिनिटं झाली तरी कागद काळा होईना. मग पाळी दोन काचांमध्ये दाबून धरली, रक्त बाजूला सरलं, पाळी पांढरी पडली आणि काही सेकंदांतच कागद काळा झाला. म्हणजे उजेड रक्त अडवत होतं! तेव्हापासून उपचारात स्फटिकाचं एक छोटं भिंग रुग्णाच्या चेहऱ्यावर दाबून धरायला सुरुवात झाली, कातडीतलं रक्त सरकवायला. रात्री बोटांच्या टोकाला टॉर्च लावून बघितला की बोट लालभडक दिसतं, हे मुलांनी केलेलंच असतं. लालच का दिसतं, निळं का नाही, याचं उत्तर याच प्रयोगात दडलंय.

१८९६ मध्ये शहराच्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात फिन्सेन यांची प्रकाशचिकित्सा संस्था सुरू झाली. लोकांच्या देणग्या आणि सरकारी मदत यांवर ती उभी राहिली. तिथल्या खोलीचे फोटो आजही बघायला मिळतात. छतापासून टांगलेला एक दिवा, त्यातून दुर्बिणीसारख्या चार नळ्या चार दिशांना उतरलेल्या, प्रत्येक नळीखाली एक रुग्ण आडवा झोपलेला आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतली, काळा चष्मा लावलेली परिचारिका हाताने भिंग दाबून बसलेली. एका बैठकीला तासाच्या वर वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात नाण्याएवढी जागा बरी व्हायची. सगळा चेहरा बरा करायला कधी वर्ष, कधी त्याहून जास्त लागायचं. तेवढा वेळ त्या बाया भिंग दाबून बसत. नोबेलच्या यादीत त्यांची नावं नाहीत.

१९०१ पर्यंत ८००हून अधिक ल्युपसचे रुग्ण इथे येऊन गेले आणि शंभरातले ऐंशीहून जास्त बरे झाले. चेहरे परत मिळालेली माणसं घरी गेली. इंग्लंडच्या राजघराण्याची सून अलेक्झांड्रा ही मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिच्या पुढाकाराने १९०० मध्ये हा दिवा लंडनच्या रुग्णालयात पोचला आणि मग युरोपभर पसरला.

इकडे फिन्सेन यांचं शरीर थकत चाललं होतं. पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागे. शेवटची वर्षं ते चाकाच्या खुर्चीत होते. तरी स्वतःच्या आजाराचाही त्यांनी अभ्यास चालवलाच. रोज किती पाणी प्यायलं, किती मीठ खाल्लं, वजन किती वाढलं याची नोंद ठेवली. मीठ अंगात साठतं आणि त्यासोबत पाणीही, हे लक्षात आल्यावर मीठ तोडलं आणि त्यावर १९०४ मध्ये लेखही लिहिला. १९०३चं नोबेल जाहीर झालं तेव्हा स्टॉकहोमला जाण्याएवढं बळ त्यांच्यात नव्हतं. बक्षिसातले ५०,००० क्रोनर त्यांनी आपल्या संस्थेला देऊन टाकले. २४ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ४३.

पुढे क्षयावर औषधं आली आणि ल्युपससाठी दिव्याची गरज संपली. पण उजेडाची चिकित्सा संपली नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या बाळांना जन्मानंतर कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं असेल. कोडाच्या पांढऱ्या डागांवर आणि सोरायसिसवर त्वचारोगतज्ज्ञ आज अतिनील किरणांचा ठरावीक तुकडा वापरतात.

सगळ्यात नवल वाटतं ते याचं. २००५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी फिन्सेन यांचे जुने दिवे आणि भिंगं तपासली. त्यांना दिसलं की ज्या अगदी छोट्या लहरींच्या किरणांवर फिन्सेन यांचा भरवसा होता, ते त्या यंत्रातून फारसे बाहेर येतच नव्हते. मग रोग बरा कसा होत होता? क्षयाच्या जंतूंमध्ये पोर्फिरिन नावाची द्रव्यं असतात. थोड्या लांब लहरींचा उजेड पडला की ती पेटून उठल्यासारखी काम करतात आणि जंतूला आतूनच मारतात. म्हणजे इलाज बरोबर होता, कारण वेगळंच होतं. आणि हीच पोर्फिरिनची युक्ती आज उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर वापरतात. गोऱ्या लोकांच्या टकलावर, कपाळावर वर्षानुवर्षांच्या उन्हाने खरखरीत डाग पडतात, त्यातले काही पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात. अशा डागांवर एक मलम लावतात. त्यापासून बिघडलेल्या पेशींमध्ये पोर्फिरिन तयार होतं, मग त्यावर लाल किंवा निळा उजेड सोडला की त्या पेशी मरतात. कोपनहेगनमध्येच याची आणखी सोपी रीत निघाली. सनस्क्रीन आणि हे मलम लावून रुग्णाने दिव्याऐवजी बाहेर दिवसाच्या उजेडात दोन तास बसायचं. उन्हाने केलेलं नुकसान दिवसाच्या उजेडानेच भरून काढायचं!

आपल्याकडे अशा डागांपेक्षा वांग आणि काळपटपणा यांची तक्रार जास्त. वांगात हार्मोन्सचा भाग असतो, ऊन त्यात भर घालतं. सुरकुत्यांसाठी रेटिनॉइडची क्रीम, पील, लेझर असे उपाय आहेत आणि ते डॉक्टरांच्या हाताखाली केले तर गुणही येतो. पण उन्हापासून बचाव केला नाही तर सगळं पाण्यात. टोपी, ओढणी, छत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि परवडत असेल तर सनस्क्रीन. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. शेजारणीने सुचवली म्हणून किंवा मेडिकलवाल्याने दिली म्हणून स्टिरॉइडची ट्यूब उजळपणासाठी चेहऱ्याला लावू नका, मुलींना तर मुळीच नको. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस आणि पुरळ येतात, आणि ट्यूब बंद केली की सगळं आणखी भडकतं. फिन्सेन ज्याला छत्री म्हणून ओळखू शकले, ती छत्री आपण पैसे देऊन फाडून घेतो.

वर्गात हा पाठ घेणार असाल तर शाईचा प्रयोग मुलांच्या हातावर करू नका, भाजतं. त्याऐवजी जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर रुपयाची नाणी मांडून तो आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग नाणी उचला. कागद पिवळा आणि नाण्यांखाली पांढरे गोल. किंवा काहीच मांडू नका, मुलांना चपला काढायला सांगा. मे महिन्यात गावभर हुंदडून जूनमध्ये शाळेत आलेल्या प्रत्येक पावलावर पट्ट्यांचा पांढरा ठसा असतो.